शिको बुआर्की: गाणं कागदावर वाचणाऱ्यांच्या राज्यात

रेकॉर्डवेडा (मूळ पोस्ट)

ब्राझीलचं संगीत म्हटलं की आपली गाडी बोसा नोव्हा आणि हॉटेलच्या लॉबीत वाजणारं ते गुळगुळीत गिटार यापुढे सरकत नाही. म्हणून तिथल्या शिको बुआर्की या गायक-गीतकारावर धागा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माणूस १९४४ चा, रिओचा. वडील सर्जियो बुआर्की दे ओलांदा, म्हणजे ब्राझीलमधले मोठे इतिहासकार. पोराने साओ पाउलोत आर्किटेक्चरला ॲडमिशन घेतली, अर्धवट सोडली, गिटार धरलं. मधल्या काळात १९६४ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्तला हटवून सत्ता घेतलेली, ती पुढे १९८५ पर्यंत सोडली नाही. पण सुरुवातीची दोनचार वर्षं गाण्याबजावण्यावर एवढी धाड नव्हती. टीव्हीवर गाण्यांच्या स्पर्धा व्हायच्या आणि अख्खा देश त्या मॅचसारख्या बघायचा. १९६६ च्या 'टीव्ही रेकॉर्ड' या चॅनेलच्या स्पर्धेत याचं 'आ बांदा' पहिलं आलं (दुसऱ्या एका गाण्याबरोबर विभागून). हिरवे डोळे, लाजाळू, चांगल्या घरातला, वय २२. घराघरातल्या आयांना जावई म्हणून पसंत.

मग १९६८. याने 'रोदा व्हिवा' नावाचं नाटक लिहिलं होतं, दिग्दर्शक झे सेल्सो मार्तिनेझ कोर्रेआने ते अंगावर येईल असं बसवलं आणि जुलैमध्ये साओ पाउलोच्या रूथ एस्कोबार थिएटरात प्रयोगानंतर उजव्या टोळीने घुसून नटनट्यांना मारलं, सेट मोडला. पुढे पोर्तो आलेग्रेतही तेच. त्याच वर्षी रिओच्या स्पर्धेत संगीतकार टॉम जोबिम आणि याचं 'साबिया' पहिलं आलं तर पब्लिकने हुर्यो उडवली, कारण पब्लिकला गायक जेराल्दो व्हांद्रेचं उघड राजकीय गाणं जिंकायला हवं होतं. म्हणजे जुलैत उजव्यांनी नाटक फोडलं आणि सप्टेंबरात डाव्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. राव, काय वर्ष असेल ते!

१३ डिसेंबर १९६८ ला पाचवा संस्थात्मक कायदा आला (तिकडे त्याला नुसतं 'आ-ई-पाच' म्हणतात). संसद बंद, हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) बंद, छापायच्या-गायच्या आधी सेन्सॉर. शिकोला त्याच महिन्यात चौकशीला उचललं. डिसेंबर संपायच्या आत कायतानू व्हेलोझो आणि जिलबेर्तो जिल या गायकांना अटक, मग त्यांना लंडनला जावं लागलं. शिको जानेवारी १९६९ मध्ये फ्रान्समधल्या एका कार्यक्रमाला म्हणून गेला तो बायको मारियेता सेव्हेरोबरोबर रोमलाच राहिला, थोरली मुलगी तिथलीच. मार्च १९७० मध्ये परत आला.

आता मुद्द्यावर येतो. सेन्सॉरचं काम चालायचं कसं? गाण्याचे शब्द टाइप करून फेडरल पोलीसच्या सेन्सॉर खात्याकडे पाठवायचे. तिथला माणूस तो कागद वाचणार, शेरा मारणार, शिक्का मारणार, मंजूर किंवा नामंजूर, किंवा अमुक ओळ बदला. बस्स. आणि मला वाटतं शिकोच्या पुढच्या सगळ्या करामतींचं मूळ इथेच आहे, की तो माणूस गाणं वाचत होता. चाल, ठेका, लय, गाणाऱ्याचा आवाज, ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच काय साचलंय ते, हे कागदावर येतच नाही.

परत आल्या आल्या त्याने 'अपेझार जी व्होसे' पाठवलं. कागदावर बघितलं तर रुसलेल्या प्रियकराचं भांडण: आज तुझं चालतंय, पण उद्याचा दिवस उजाडणारच, तेव्हा तू काय करणार बघू. सेन्सॉरने पास केलं! रेकॉर्ड आली, लाखाच्या आसपास खपली, रेडिओवर सगळीकडे, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की हा 'तू' म्हणजे जनरल मेदिसी, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष. गाणं बंद. सैनिक फिलिप्सच्या फॅक्टरीत जाऊन उरलेल्या रेकॉर्डी फोडून आले. मूळ मॅट्रिक्स मात्र नष्ट करायचं विसरले, ज्यावरून हव्या तितक्या पुन्हा काढता येतात! शिकोला विचारलं हा 'तू' कोण, तर म्हणे एक फार हुकूम सोडणारी बाई आहे.

त्यानंतर त्याचं नाव दिसलं की कागद बाजूला. १९७४ ला तर 'सिनाल फेशादो' हा अल्बम त्याने दुसऱ्यांची गाणी गाऊन काढला, कारण स्वतःचं काही पासच होईना. आणि त्यातच गंमत केली. अल्बममध्ये 'आकोर्दा आमोर' म्हणून एक गाणं आहे, कवी-संगीतकार जुलिन्यो दा आदेलाइजी आणि त्याचा भाऊ. गाण्यात एक माणूस रात्री दचकून उठतो, दारात पोलीस आलेत, आणि बायकोला सांगतो चोराला बोलव, चोराला! सेन्सॉरने पास केलं, कारण जुलिन्यो हा कोणीतरी झोपडपट्टीतला होतकरू. तो जुलिन्यो म्हणजे शिकोच. त्या जुलिन्योने पेपरला मुलाखतसुद्धा दिली, मारियो प्राताने घेतली, उल्चिमा ओरात छापून आली, चेहऱ्यावर व्रण असल्यामुळे फोटो काढू देत नाही वगैरे सगळा बनाव. १९७५ मध्ये भांडं फुटलं आणि सेन्सॉरने नवा नियम काढला, गाण्याच्या कागदासोबत ओळखपत्र जोडायचं.

म्हणजे उपाय पण कागदाचाच!

बाकीचं लिहा तुम्ही लोक. 'कालिसी' मुद्दाम सोडलंय, कोणीतरी विचारणारच.

---

कोरांटी

वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंय. आणि हो, मीच विचारते, 'कालिसी'चं काय झालं? त्याचा व्हिडिओ फिरतो मधूनमधून, माईक बंद करतात तो.

---

रेकॉर्डवेडा

@कोरांटी, मे १९७३, साओ पाउलोचं आन्येंबी सभागृह, फोनोग्राम कंपनीने आपले सगळे मोठे कलाकार घेऊन फोनो ७३ नावाचा महोत्सव ठेवला होता. शिको आणि जिलने त्यासाठी हे गाणं केलं. बायबलमधली येशूची प्रार्थना आहे ना, बापा हा प्याला माझ्यापासून दूर कर, ते धृवपद. आणि 'प्याला' हा शब्द तिकडे म्हणताना हुबेहूब 'गप्प बस' असाच ऐकू येतो. हे मात्र सेन्सॉरला कागदावरही कळलं, शब्द नामंजूर. मग दोघांनी ठरवलं की शब्द गाळून नुसती चाल गुणगुणायची आणि मध्ये मध्ये तो एकच शब्द. तर पहिला माईक बंद. शिको दुसऱ्यावर गेला, तोही बंद. मग तिसरा. आणि बंद करणारे पोलीस नव्हते हो, कंपनीचीच माणसं होती, घाबरलेली. मला हे त्या सैनिकांच्या तोडफोडीपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

रेकॉर्ड १९७८ मध्ये आली. जिल तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला, म्हणून त्याचा भाग मिल्टन नासिमेंतो गायलाय. 'अपेझार जी व्होसे' पण त्याच अल्बमवर.

---

तिरकस

लेख आवडला पण एक खडा टाकतो. सेन्सॉर नसता तर हा माणूस एवढा मोठा झाला असता का? 'आ बांदा'सारखी गोड गोड गाणी करत बसला असता. दाब आला म्हणून धार आली. १९७१ चा 'कॉन्स्त्रुसाऊं' ऐका, ऐन मेदिसीच्या काळातला, आणि त्याच्या तोडीचं त्याने नंतर मोकळ्या हवेत काय केलं? हुकूमशाहीचे आभार मानायला पाहिजेत असं म्हणत नाही (मारू नका), पण कलेला अडथळा मानवतो हे खरंच आहे.

---

नाचणी

तिरकसराव, हे प्रत्येक सेन्सॉरच्या धाग्यात कोणीतरी म्हणतंच, आणि प्रत्येक वेळी जो वाचला त्याचंच उदाहरण देतं.

'कॉन्स्त्रुसाऊं'ची थोरवी दाबात कुठे आहे सांगा. बांधकामावरचा मजूर, सकाळी बायकोचा निरोप घेतो, विटेवर वीट रचतो, वरून पडतो आणि शनिवारच्या गर्दीत ट्रॅफिकला अडथळा करून मरतो. हेच तीनदा येतं, आणि दर वेळी ओळींचे शेवटचे शब्द अदलाबदल होतात. सगळे असे शब्द की ज्यांचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर. हळूहळू रुजेरियो दुप्रातचा ऑर्केस्ट्रा अंगावर चढत जातो. हे कारागिराचं काम आहे, कवितेचं वृत्त आणि वास्तू दोन्ही डोक्यात असलेल्या माणसाचं. सेन्सॉरने यात काय शिकवलं त्याला? उलट ब्राझीलच्या 'आर्थिक चमत्कारा'चे ढोल वाजत होते तेव्हा त्या चमत्काराच्या विटा कोण रचतंय हे त्याने बघितलं.

आणि तायग्वाराचं नाव ऐकलंय का? सगळ्यात जास्त गाणी कोणाची अडवली तर याची, असं तिकडचे लोक सांगतात. १९७६ चा त्याचा अल्बम दुकानातून काही दिवसांत उचलला. दाब त्याच्यावरही होताच की. आज कोण ऐकतं त्याला?

---

रेकॉर्डवेडा

नाचणी, +१००.

व्हांद्रेचंही घ्या. ज्या गाण्यासाठी पब्लिकने शिको-जोबिमची हुर्यो उडवली ते गाणं लगेच बंद झालं, ११ वर्षांनी १९७९ मध्ये सिमोनीच्या आवाजात मोकळं झालं. व्हांद्रे चिली, फ्रान्स करत १९७३ ला परत आला, पण तो गायक म्हणून परत आलाच नाही. तिकडे दाबाने धार नाही आली, गाणंच गेलं.

आणि खुद्द शिकोचा हिशेब करा ना. 'कालाबार' हे नाटक, रुय गेर्राबरोबर लिहिलेलं, १९७३. सतराव्या शतकात पोर्तुगीजांना सोडून डचांना मिळालेला आणि १६३५ ला मारला गेलेला कालाबार, गद्दार कोणाला म्हणायचं हा प्रश्न. सेट तयार, कपडे तयार, तालमी झालेल्या, निर्माती-अभिनेत्री फेर्नांदा मोंतेनेग्रो आणि तिच्या नवऱ्याचे पैसे अडकलेले, आणि ऐन वेळी बंदी. वर ही बंदी घातलीय हेसुद्धा पेपरात छापायचं नाही. कालाबार हे नावच छापायचं नाही! अल्बमच्या कव्हरवर भिंतीवर रंगवलेलं कालाबार होतं, ते जाऊन कोरं पांढरं कव्हर आलं, 'शिको कान्ता' एवढंच. काही गाण्यांचे शब्द काढून नुसती वाद्यं. नाटक रंगमंचावर आलं १९८० मध्ये. सात वर्षांनी गरम भजी खाता येत नाहीत.

---

मांडवीकाठी

गोंयांतून नमस्कार. या धाग्यात आम्हां लोकांना वेगळीच मजा येते कारण अर्धी गाणी घरातल्या म्हाताऱ्यांना थेट समजायची. उच्चार मात्र त्यांना अजिबात पसंत नव्हते, 'ब्राझीलवाले तोंडात साखर घालून बोलतात' म्हणायचे.

रेकॉर्डवेडा, 'कालाबार'मधलं 'फादो त्रोपिकाल' राहिलं की तुमचं. त्यात एक पोर्तुगीज साहेब मोठ्या प्रेमाने गातो की ही भूमी एक दिवस आपलं ध्येय गाठेल, भलंमोठं पोर्तुगाल होईल. मधे रुय गेर्राचं पठण आहे, त्यात आमच्या रक्तात काय काय मिसळलंय त्याची यादी येते आणि 'सिफिलिस' हा शब्द सेन्सॉरने कापलाय, रेकॉर्डवर चक्क भोक पडल्यासारखं ऐकू येतं. वासाहतिक लोकांची टिंगल होती ती. पण पुढे २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये कार्नेशन फुलांची क्रांती झाली, हुकूमशहा सालाझारने उभं केलेलं राज्य एका दिवसात कोसळलं, आणि तीच ओळ उलटी झाली. 'आम्हीपण भलंमोठं पोर्तुगाल होऊ' म्हणजे आता आमचेही जनरल जातील! शब्द तोच, कागद तोच, पास झालेला. सेन्सॉरवाला करणार काय?

मग शिकोने त्या क्रांतीवर 'तांतु मार' लिहिलं, मधे केवढा समुद्र आहे अशा अर्थाचं, तुमच्याकडे सण चाललाय आणि मी इथे आजारी, एक कार्नेशन माझ्यासाठी ठेवा. ब्राझीलमध्ये शब्दांना बंदी. गायिका मारिया बेथानियाबरोबरच्या १९७५ च्या लाइव्ह अल्बमवर ते नुसतं वाद्यांवर वाजवलंय, पोर्तुगालात शब्दांसकट निघालं.

आमच्या बाजूने एक जोडतो. त्या सालाझारच्या सेन्सॉरचा शिक्का गोव्यातल्या पेपरांनी १९६१ पर्यंत भोगला, छापण्याआधी मजकूर दाखवायचा. आणि १९६१ नंतरही पोर्तुगाल गोवा भारताचा आहे हे मानत नव्हतं, ते मानलं त्याच कार्नेशनवाल्या सरकारने, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. म्हणून 'तांतु मार' आमच्या घरी जरा जास्त वाजायचं.

---

रेकॉर्डवेडा

मांडवीकाठी, काय प्रतिसाद दिलात! देव बरें करूं. १९७८ च्या अल्बमवर 'तांतु मार'चे शब्द बदललेत हे पण बघा. तोवर लिस्बनमधला सणही ओसरला होता, म्हणून सण छान होता पण आता कोमेजला, तरी कुठेतरी एखादं बी राहिलं असेल, अशी पाठवणी आहे.

---

अण्णा_वऱ्हाडी

मले तर वाटलं होतं सेन्सॉर फक्त राजकारण पाहत असन. पण इथं 'सिफिलिस' बी कापला म्हणता.

---

नाचणी

अण्णा, राजकारणापेक्षा त्यांना संस्कृतीचीच जास्त काळजी होती. ओदाइर जोझे नावाचा एक गायक होता, मोलकरणी आणि ट्रकवाल्यांचा लाडका, शिकोच्या हुशार श्रोत्यांनी ज्याला नाकं मुरडली असा. त्याने १९७३ मध्ये बायकोला गोळी घेणं थांबव म्हणणारं गाणं केलं, गर्भनिरोधक गोळी. बंद! याच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही कारण तो लढवय्या दिसत नाही.

शिकोचंही, १९७२ चा कायतानूबरोबरचा साल्वादोरचा लाइव्ह अल्बम आहे, त्यातलं 'बार्बरा' दोन बायकांच्या प्रेमाचं. ज्या शब्दाने ते कळतं नेमक्या त्या शब्दावर टाळ्यांचा कडकडाट आहे. टाळ्या नंतर चिकटवल्यात.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. आदोनिरान बार्बोझा, साओ पाउलोच्या इटालियन वस्तीतला म्हातारा सांबावाला, रस्त्यावरच्या बोलीत लिहायचा, मोटारगाडी, रिव्हॉल्व्हर, फळी असे सगळे शब्द 'अशुद्ध'. त्याचं 'चिरू आव आल्वारु' हे साधं प्रेमगीत १९७३ मध्ये अडवलं. शेरा काय, तर अभिरुचीचा अभाव.

---

अण्णा_वऱ्हाडी

म्हंजे मायासारख्याची पोस्ट बी पास नसती झाली 😀 लय भारी. मंग निघालं का नाही थे गाणं?

---

नाचणी

निघालं, १९८० ला, गायिका एलिस रेजिनाबरोबर. दोघं हसत हसत गातात, सगळे 'अशुद्ध' उच्चार जसेच्या तसे.

---

बाकी_शून्य

आपल्याकडच्या आणीबाणीत रेडिओवर काय काय झालं ते कोणी लिहीत का नाही? सोयीचं सेन्सॉर तेवढं दिसतं का लोकांना?

---

संपादक मंडळ

त्यावर वेगळा धागा काढावा, इथे ब्राझीलच चालू द्या. या प्रतिसादाखालचे पाच प्रतिसाद उडवले आहेत.

---

पडद्यामागे

नाटकवाली आहे म्हणून राहवलं नाही. 'मेउ कारु आमिगु' कोणीच घेतलं नाही अजून! ब्राझीलचा नाटककार-दिग्दर्शक ऑगस्तो बोआल आपल्याकडच्या नाटकवाल्यांना फोरम थिएटरमुळे (प्रेक्षकच रंगमंचावर येऊन नाटक बदलतात ते) माहीत आहे, वर्कशॉप केलेला प्रत्येक जण त्याचं नाव घेतो, पण तो १९७१ मध्ये पकडला गेला, छळ झाला आणि मग देश सोडून आधी अर्जेंटिना मग लिस्बनला गेला हे फार जणांना ठाऊक नसतं. तर शिकोने १९७६ मध्ये त्याला गाण्यातून पत्र लिहिलंय. मित्रा, तुला भेटायला येता आलं नाही माफ कर, इथे फुटबॉल चाललाय, सांबा आहे, रॉक अँड रोल आहे, कधी पाऊस कधी ऊन, पण सांगायचं ते एवढंच की इथे परिस्थिती काळीकुट्ट आहे. शेवटी मारियेता पापा पाठवतेय. आणि हे सगळं फ्रांसिस हाइमीच्या इतक्या उड्या मारणाऱ्या शोरोवर (तिकडचा जुना वाद्यसंगीताचा प्रकार), की शब्द न कळणारा माणूस लग्नात वाजवेल. रेकॉर्डवेडांचा कागदाचा मुद्दा इथे सगळ्यात पटतो मला. चाल आणि शब्द एकमेकांना खोटं पाडत राहतात.

---

तिरकस

बरं, दाबाने कला घडते हे मागे घेत नाही पण बाजूला ठेवतो. दुसरा खडा. शिको मोठ्या बापाचा, गोरा, प्रसिद्ध. त्याला उचललं की चौकशी करून सोडायचे, रोमला जायची सोय होती. ज्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं त्यांचं काय? ब्राझीलच्या सत्य आयोगाने २०१४ ला ४३४ मेलेल्या आणि गायब केलेल्यांची नावं दिली. त्यात गाणी लिहिणारे पकडून फिरण्यापेक्षा...

---

रेकॉर्डवेडा

@तिरकस, हा खडा बरोबर लागलाय. शिकोच्या एका गाण्यात 'तुला मी आवडत नाही पण तुझ्या मुलीला आवडतो' अशी ओळ आहे (हेही जुलिन्योच्या नावावर). लोकांनी उठवलं की ही मेदिसीनंतरचा राष्ट्राध्यक्ष जनरल गायझेल याच्या मुलीबद्दल आहे. शिको म्हणतो तसं काही नाही, त्याला धरून न्यायला आलेले पोलीसच मुलीसाठी सही मागायचे. आता सही मागणारा पोलीस सगळ्यांच्या नशिबी नसतो, हे उघड आहे.

पण या प्रसिद्धीचा उपयोग काय झाला ते पण बघा. झुझु आंजेल, रिओची फॅशन डिझायनर, तिचा मुलगा स्तुअर्ट १९७१ मध्ये लष्कराने छळ करून मारला, शव दिलं नाही. ती बाई पाच वर्षं दारोदार विचारत फिरली, कपड्यांवर देवदूत आणि तोफा भरायची, अमेरिकन पाहुण्यांच्या हातात कागदपत्रं कोंबायची. तिने शिकोकडे एक चिठ्ठी ठेवली होती, मला अपघातात किंवा कसंही मरण आलं तर ते माझ्या मुलाच्या मारेकऱ्यांचं काम समजा. एप्रिल १९७६ मध्ये बोगद्यातून बाहेर पडताना तिची गाडी कोसळली. सरकारने त्यात आपला हात होता हे मानलं १९९८ मध्ये. शिकोने मिल्टिन्योच्या चालीवर 'आंजेलिका' लिहिलं: ही बाई कोण जी नेहमी तेच गाणं म्हणते? अंगाईसारखं आहे. नाव नाही, लष्कर नाही, काही नाही त्यात. चिठ्ठी तिने कुणा वकिलाकडेही ठेवली असती, पण ठेवली ती याच्याकडे, कारण याला गप्प करणं अवघड होतं.

---

तिरकस

हं. ऐकतो हे.

---

कोरांटी

मी रात्री 'आंजेलिका' ऐकलं आणि झोप गेली. आता जरा हलकं काहीतरी सांगा. आणि नवख्या माणसाने सुरुवात कुठून करायची? यादी द्या ना.

---

रेकॉर्डवेडा

हलकं म्हणजे 'व्हाइ पासार', १९८४. निवडणूक द्या म्हणून लाखो लोक रस्त्यावर उतरले होते त्या वर्षीचं. कार्निव्हलची मिरवणूक चाललीय असा सांबा, पोटभर नाचा.

क्रम असा लावा: आधी १९७१ चा 'कॉन्स्त्रुसाऊं' अख्खा, मग १९७६ चा 'मेउस कारुस आमिगुस', मग १९७८ चा. 'शिको कान्ता' नंतर, आणि त्याआधी मांडवीकाठींचा प्रतिसाद पुन्हा वाचून घ्या. शब्दांचं भाषांतर उघडून बसू नका पहिल्या वेळी.

---

मांडवीकाठी

यादीत 'सिनाल फेशादो' नाही? जुलिन्यो रागावेल.

---

रेकॉर्डवेडा

त्याचं ओळखपत्र जोडलेलं नव्हतं 😀 पण घ्या, पाचवा. आणि २०१९ चा कामोईंश पुरस्कार, पोर्तुगीज भाषेतला सगळ्यात मोठा, त्याचा कागदही तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोने सही न करता ठेवला होता. तो हातात पडला एप्रिल २०२३ मध्ये, पोर्तुगालात, त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या लुलाच्या उपस्थितीत. त्याच्या कादंबऱ्यांवर कोणी लिहिणार असेल तर हात वर करा, मी फक्त एक वाचलीय.